सपना हट्ट्याला गेली

सपना कळमनुरीत पत्र्याच्या एका खोलीत भाड्यानं राहायची. बाजारच्या दिवशी दुकानादुकानी टाळी वाजवून मागायची. बारावी झालेली होती, पण दाखल्यावर मुलाचं नाव आणि अंगावर साडी बघून कामावर ठेवायला कुणी तयार नसे.

तीन वर्षांपासून तिच्याकडे वैजनाथ यायचा. हट्ट्याचा, हळद पिकवणारा शेतकरी. घरी बायको आहे हे त्यानं लपवलं नव्हतं. एड्सचं काम करणाऱ्या संस्थेच्या बाई निरोधची पाकिटं देऊन जायच्या. सपनानं ती पुढं केली की तो रुसायचा.

"गिऱ्हाईक हाय का मी? बायको म्हणतो तुला. नवरा-बायकोत हे काहून लागतंय?"

तिला बायको म्हणणारा तो पहिलाच. पाकिटं ट्रंकेत तशीच पडून राहिली.

दर सहा महिन्यांनी ती रक्त तपासून घ्यायची. संक्रांतीला सगळं ठीक होतं. आषाढात मात्र दवाखान्यातल्या मॅडमनी तिला समोर बसवून सांगितलं, एचआयव्ही आहे. गोळ्या रोज घेतल्या तर काही होत नाही, असंही सांगितलं. तिला पहिलंच वाक्य ऐकू आलं.

वैजनाथला सांगितलं तर त्यानं तिला भिंतीवर ढकललं. "कुठं कुठं झोपून आलीस? मलाबी दिला असशील!" त्यानंतर त्याचा फोन लागेना.

सपनाला झोप लागत नव्हती ती त्याच्या बायकोच्या विचारानं. शिला पोटुशी होती. आता सातवा महिना लागला असेल. वेळेवर गोळ्या मिळाल्या तर लेकरू वाचतं, हे तिनं पुढच्या खेपेला मॅडमकडूनच ऐकलं होतं. श्रावणात ती वसमतच्या एसटीत बसली, तिथून ऑटोनं हट्ट्याला गेली.

दारात वैजनाथची आई मंजुळाबाई होती. तिला बघून म्हातारी हरखली. "पोटुशीच्या दारी देवाचं माणूस आलं! बस बाई, ज्वारी आणते." ती आत गेली.

ओसरीवर शिला शेंगा निवडत होती. सपना हळूच म्हणाली, "ताई, मी कळमनुरीची. तुमच्या मालकाला वळखते. मला एचआयव्ही झालाय. तुमी तपासून घ्या, लेकरासाठी सांगायला आले."

शिलाचा हात थांबला.

"तपासलंय," ती म्हणाली. "गुढीपाडव्याच्या टायमाला. तिसऱ्या महिन्यात सगळ्याच बायांचं तपासतात. मग त्यांनाबी बोलावलं. दोघांनाबी निघाला. मी गोळ्या घेते. ते न्हाई घेत."

पाडव्यापासून आषाढापर्यंत वैजनाथ दर आठवड्याला आला होता. तिच्या हातचं जेवला होता.

"तुमाला बोलले न्हाईत?" शिलानं विचारलं.

तेवढ्यात मंजुळाबाईनं सुपातली ज्वारी तिच्या पदरात ओतली. "पोरगाच होऊ दे म्हण."

"लेकरू धडधाकट होऊ दे," सपना म्हणाली, आणि उठली.

आठवड्याभरात कळमनुरीत बोभाटा झाला. वैजनाथनंच बाजारात सांगितलं, त्या सपनाला रोग आहे, जपून राहा. घरमालकानं सामान बाहेर काढलं. दुकानदार पैसे हातावर न ठेवता पायरीवर टाकू लागले. वैजनाथला हे कसं ठाऊक, असं त्याला एकानंही विचारलं नाही. सपना हिंगोलीला तिच्यासारख्याच दोघींच्या खोलीत राहायला गेली.

मार्गशीर्षात, हिंगोलीच्या दवाखान्यात गोळ्यांच्या रांगेत तिला शिला दिसली. कडेवर कापडात गुंडाळलेलं लेकरू होतं.

"पोरगी झाली," शिला खालच्या आवाजात म्हणाली. "पैली तपासणी चांगली आली."

सपनानं हात पुढं केला. शिलानं पोरीवर पदर ओढला.

"घरी परत येऊ नका. सासूबाईला समदं कळलंय. तुमच्यापासूनच घरात आलं म्हणतात."

"पाडव्याचं तुमी सांगितलं न्हाई?"

"मला तिथंच राहायचंय," शिला म्हणाली.

खिडकीतून शिलाचा नंबर पुकारला गेला, तशी ती पुढं सरकली.