मोहरीएवढी

"मनकर्णाबाई, हे का बिडी होय?" बायांकडून बिड्या वळून घेणाऱ्या श्यामराव सट्टेदारानं जुडीतली एक बिडी उचलून दोन बोटांत दाबली. तंबाखू भसकन त्याच्या मांडीवर सांडला. "तुमच्या हातची बिडी मी आजवर छाटली नवती. आज अर्ध्या जुड्या फेकाव्या लागून राहिल्या. हाताले का झालं?"

"हाताले का होते? झोप नाई, भाऊ."

मागे बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मनकर्णाबाईची झोप पोपटांनी उडवली आहे, हे साऱ्या सानगडी गावाला ठाऊक होतं. म्हातारपणी कुणाची झोप गुडघे उडवतात, कुणाची सून. हिची उडवली पोपटांनी! गोष्ट हसण्यासारखीच होती, पण जिची झोप गेली होती तिला हसू येत नव्हतं.

पोपट तिचा मुलगा नत्थू यानंच आणले होते. गेल्या वर्षी ठेकेदाराच्या माणसांनी रस्त्याकडेचं मोहाचं झाड पाडलं, तेव्हा ढोलीतून दोन पिल्लं खाली पडली. अंगावर धड पीसही नव्हतं. मनकर्णाबाईनं हरभऱ्याची डाळ चावून चावून ती जगवली. पिंजरा आतल्या खोलीत असायचा आणि रात्री त्यांचा हूं की चूं ऐकू येत नसे. मग सून सत्यवती बाळंतपण आटोपून माहेराहून आली. लहानग्या पोरीला घेऊन ती आतल्या खोलीत राहिली आणि पिंजरा ओसरीवर आला. झालं! जागा नवी, त्यात अंधार. एखादं मांजर फिरकलं, कोपऱ्यात घूस खुडबुडली, की दोघं तारांवर आपटून किंचाळायचे. त्या आवाजानं पोर उठायची, पोरीमागून सत्यवती, आणि राइस मिलवर दिवसभर पोती वाहून आलेला नत्थू शिव्या देत उठायचा.

पोतं झाकलं तर ते जास्तच बिथरत. शेजारी चिमणी तेवत ठेवली तर निजत, पण रेशनचं रॉकेल असं किती दिवस पुरणार? शेवटी मनकर्णाबाईच पिंजऱ्याशी बसू लागली. तारेतून बोट आत घालायचं. नर ते चोचीत हलकेच धरून डोळे मिटायचा आणि मादी त्याला खेटून बसायची. बोट काढलं की पुन्हा कालवा. बसल्या बसल्या पाठ मोडून जाई. दिवसा सुपात तेंदूची पानं घेतली की बोटं ऐकत नसत आणि मान मध्येच छातीवर पडे.

"सोडून दे ना त्याइले," नत्थू म्हणाला होता.

"अन् मंग? दाणा टिपता येत नाई त्याइले. कावळे फाडून खातील."

"मंग गप्प ठेव. मले पहाटेस जा लागते, माय."

त्याचंही काही चुकत नव्हतं. चूक कुणाचीच नव्हती, आणि तोच मोठा ताप होता.

सट्टेदाराकडून परतताना शेजारची बायजाबाई तिच्याबरोबर चालू लागली. बायजाबाई मनानं वाईट नव्हती, पण तिच्याकडे जगातल्या प्रत्येक दुखण्यावर औषध तयार असे.

"मनकर्णा, एक सांगू का? मोहरीएवढी अफीम डाळीत कालवून चार त्याइले. रातभर डोया उघडणार नाईत. लेकराइले नवतो का देत आपण? पाखरं का अन् लेकरं का, सारखेच."

मनकर्णाबाई चालता चालता थांबली. "नको," एवढंच म्हणाली आणि घराकडे वळली.

नत्थूच्या आधी तिला एक मुलगी होती, रुखमिणी. त्या काळी रोवण्याला जाणाऱ्या बाया अंगावरच्या लेकराला मोहरीएवढी अफू चाटवत. त्यात चोरून करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नसे. लेकरू शेताच्या कडेला धुऱ्यावर झोळीत निजायचं आणि आई बांधीतल्या चिखलात वाकून धान रोवायची. त्या दिवशी सकाळी सासूनं पोरीला अफू चाटवली आणि ती पाण्याला गेली. गोठ्यातून आलेल्या मनकर्णेला पोर टक्क जागी दिसली. सासूचं चाटवायचं राहिलं असेल असं समजून तिनंही चाटवली. गुन्हा म्हणाल तर एवढाच. दिवसभर रोवणाऱ्या बाया म्हणत होत्या, "किती गुणाची पोर वं तुई, रडत नाई का कुरकुरत नाई." मनकर्णेला त्याचा अभिमान वाटला. दुपारी पाजायला गेली, तर निजलेली दिसली म्हणून उठवली नाही. दिवस कलल्यावर झोळीत हात घातला तेव्हा पोर गार पडली होती.

तापानं गेली म्हणायचं, असं घरात ठरलं. सासू मरेपर्यंत तसंच म्हणाली, नवराही. नत्थूलाही तेवढंच ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बिड्या देऊन ती परतली तेव्हा दिवेलागण झाली होती. ओसरीवर पाय ठेवला आणि तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. तिची चाहूल लागताच रोज दोघं तारांवर चढायचे. आज पिसं फुगवून, माना टाकून बसले होते.

चुलीपुढून सत्यवती हसून म्हणाली, "आत्याबाई, आज तुमी बी निजा. बायजाबाईनं देल्लं ते चारलं त्याइले. पाहा, कसे गुपचूप बसले."

मनकर्णाबाई पिंजऱ्यापाशी थांबली नाही. ती थेट आतल्या खोलीत गेली. पाळण्यात पोर निजली होती. तिनं पोरीचा तळपाय धरून चिमटा काढला. पोर हलली नाही. तिनं दुसरा चिमटा काढला, नखं रुतेपर्यंत, आणि पोरीनं टाहो फोडला.

पिठाच्या हातानं सत्यवती धावत आली. "वेड लागलं का तुमाले? आत्ताच तर निजवली होती!"

"रडू दे."

"अवो, पण काहून?"

"रडू दे म्हणतो ना! पोरीले का चाटवलं? खरं सांग."

नत्थू नुकताच मिलवरून येऊन दारात उभा होता. सत्यवतीनं त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. पदराची गाठ सोडून तिनं एक काळा कण तळहातावर काढला. "नाई देल्लं. पोरीची आन. उद्या रोवण्याले जा लागते. बायजाबाई म्हणे, मोहरीएवढ्यानं काही होत नाई."

मनकर्णाबाईनं तो कण उचलून चुलीत टाकला. मग भिंतीला टेकून उभ्या उभ्याच म्हणाली, "नत्थू, तुई बहीण तापानं नाई गेली." आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तिनं सगळं सांगून टाकलं. बोलताना ती रडली नाही. रडायचं बळच तिच्यात उरलेलं नव्हतं. सत्यवतीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. नत्थू उंबरठ्यावर खाली बसला.

नर पोपट त्याच रात्री पिंजऱ्याच्या तळाशी गार पडला. उत्तररात्री केव्हातरी मादीची गुंगी उतरली. तिनं त्याला चोचीनं ढोसलं, पुन्हा ढोसलं, आणि मग घर डोक्यावर घेतलं. आत पोर जागी होऊन रडू लागली.

नत्थू उठून ओसरीवर आला. आता शिव्या बसणार म्हणून पिंजऱ्याशी बसलेल्या मनकर्णाबाईनं मान खाली घातली. तो तिच्या शेजारी बसला, गुडघ्यांना मिठी घालून.

मादी किंचाळत राहिली, पोर रडत राहिली. त्यांना गप्प करा, असं त्या रात्री घरात कुणीच म्हणालं नाही.