प्रेमलालचं नाव

कमलाच्या नवऱ्याला नक्षलवाद्यांच्या दलमने मारलं त्याला चौदा वर्षं झाली होती. त्या दिवशी प्रेमलाल खळ्यावर धान उफणत होता. दिवस बुडता बुडता जंगलातून सात-आठ बंदूकवाले आले आणि त्याला बांधावरून नाल्याकडे घेऊन गेले. सकाळी तो नाल्याच्या काठी पडलेला सापडला. छातीवर दगडाखाली एक कागद होता. प्रेमलाल पोलिसांचा मुखबिर होता, गावातल्या बातम्या चौकीवर पोचवत होता, म्हणून ही शिक्षा, असं त्यावर लिहिलं होतं.

खैरटोला हे मध्य प्रदेशात, लांजीच्या पलीकडचं जेमतेम साठ घरांचं गाव. तिथले लोक तेव्हा जंगलालाही भीत आणि चौकीलाही. मुखबिराच्या मयताला गेलं तर उद्या आपलंही नाव कागदावर येईल, म्हणून कोणी घराबाहेर पडलं नाही. आमगावहून कमलाचा भाऊ आला. दोघांनी मिळून प्रेत बैलबंडीवर घातलं. नऊ वर्षांचा अश्विन बंडीमागे चालत होता.

पुढे वर्षभर कमला हँडपंपावर गेली की बाकीच्या बाया आपापले पाण्याचे गुंड उचलून बाजूला होत. शाळेत पोरं अश्विनला ‘मुखबिर का बेटा’ म्हणत. शेवटी तिने घराला कुलूप लावलं आणि पोराला घेऊन बालाघाटला आली. मुलींच्या एका वसतिगृहात तिला स्वयंपाकाचं काम मिळालं, मागच्या आवारात राहायला दोन खोल्या मिळाल्या. तिथल्याच एका बाईबरोबर ती एका रविवारी प्रार्थनेला गेली. शहराच्या टोकाला टिनाच्या छपराखाली तीस-चाळीस माणसं सतरंजीवर बसायची. तिथले वसंता पास्टर आधी गोंदिया लाइनच्या बसवर कंडक्टर होते. ते बोलायचेही तसेच, मोजकं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिथे कमलाला कोणी विचारलं नाही की तुझा नवरा कोण होता. दोन वर्षांनी तिने बाप्तिस्मा घेतला. अश्विनने घेतला नाही. तो मोठा झाला, वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये मशीनवर लागला आणि तिकडेच खोली करून राहू लागला.

तीन वर्षांपूर्वी महागू त्या छपराखाली आला. खैरटोल्यात त्याचं वावर प्रेमलालच्या वावराला लागून होतं. दारू सुटावी म्हणून त्याच्या बायकोने, मंजूने, त्याला पाठवलं होतं. त्याने कमलाला पाहिलं आणि मान खाली घातली. तिला वाटलं, लाजला. इतक्या वर्षांत गावचा कोणी माणूस तिला वहिनी म्हणाला नव्हता. महागू म्हणाला. दर रविवारी तो सकाळच्या बसने यायचा आणि येताना कधी लाखोळीची डाळ, कधी हिरव्या मिरच्या घेऊन यायचा. पावसाळ्याआधी त्याने तिच्या खोलीवरचे फुटकी कौलं बदलून दिली. कमला पास्टरांना म्हणाली होती, माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

असं तीन वर्षं चाललं. मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी वसंता पास्टर समेटाविषयी बोलले. “येशूच्या मेजाजवळ भाकर घ्याले येता,” ते म्हणाले, “तं आधी आठवून पाहा. आपल्यामुळे कोणाचं घर मोडलं काय? कोणाच्या मनात आपल्यासाठी काही सलून राह्यलं काय? असंन तं भाकर तशीच राहू द्या. उठा, त्याच्या दारी जा. देव थांबते. त्याले घाई नाही.”

प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी फिरू लागली तेव्हा महागू उठून बाहेर गेला. पुढच्या रविवारीही गेला, त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी तो पास्टरांशी बराच वेळ बोलला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, मुली शाळेत गेल्या असताना, तो वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आला. कमला परातीत तांदूळ निवडत होती.

“बसा न भाऊ,” ती म्हणाली. “चाय ठेवू काय?”

तो बसला नाही. “वहिनी, प्रेमलालभाऊ मुखबिर नव्हता.”

“मले माहीत हाये.”

“मुखबिर मी होतो.”

कमलाचा हात परातीत तसाच राहिला. महागू बोलत गेला. चौकीवरचा एक जण त्याला दारू पाजायचा आणि कोण आलं, कोण गेलं ते काढून घ्यायचा. दलमला शंका आली. तेंदूपत्त्याच्या जंगलात त्यांनी महागूला धरलं, बंदुकीच्या दस्त्याने मारलं आणि विचारलं, गावात चौकीचा माणूस कोण?

“माह्या तोंडात पह्यलं नाव आलं ते त्याचं. आपलं वावर लागून होतं न. रोज त्यालेच पाहात होतो.”

“ते त्याले न्याले आले, तवा तू कुठं होता?”

“तेथंच. वळख पटवाले मले आणलतं.”

“त्यानं तुले पाह्यलं?”

“हौ.”

“काय म्हटलं?”

महागू दाराच्या चौकटीला टेकला. “तीनदा म्हटलं, मी नाही. मंग माह्याकडे पाह्यलं. त्याले माहीत होतं, वहिनी. बाजाराच्या दिवशी चौकीतून निंघताना त्यानं मले पाह्यलतं. त्यानं सांगतलं असतं तं मी मेलो असतो. नाही सांगतलं.”

“काहून?”

“मले नाही समजलं. अजून नाही समजलं.”

“आणखी काय म्हटलं?”

“म्हणे, बैलाईले पाणी पाजाचं राह्यलं. कमलाले सांगजा कोणीतरी.”

कमलाला आठवलं. ती दार लावून आत बसली होती, अश्विनच्या तोंडावर हात ठेवून. गोठ्यातले बैल सारखे हंबरत होते. तिला वाटलं होतं, गोळीच्या आवाजाने बुजलेत.

“आन तू सांगतलं नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“जाय येथून.”

तो गेला. तिने संध्याकाळचा स्वयंपाक केला, ऐंशी मुलींना वाढलं. भाजीत मीठ नव्हतं.

त्यानंतर दोन रविवार ती प्रार्थनेला गेली नाही. पास्टर स्वतः आले. कमलाने त्यांना बसायला स्टूल दिलं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “पास्टर, त्याच्याजवळ एक ओझं होतं. तुम्ही म्हटलं, जाऊन सांग. त्यानं ते आणून माह्या घरात टाकलं. आता तो झोपत असंन. मी काय करू?”

वसंता पास्टर स्टुलावर बसले. मग म्हणाले, “माहं चुकलं, बाई. मी अर्धंच सांगतलं. येशूनं दोघांच्या मधातली भिंत पाडली, हे मी दर वर्षी सांगतो. पण भिंत पाडताना तिच्याखाली कोण दबून हाये, ते आधी पाहाले पाह्यजे होतं.”

“आता तुम्ही म्हणान, माफ कर.”

“नाही म्हणत. तुमची माफी तुमच्या आन देवाच्या मधातली हाये. ते मागाचा हक्क मले नाही, त्यालेही नाही. त्यानं जे मोडलं त्यातलं काही त्याच्या हातानं उभं होते काय, तेवढं सांगा.”

कमलाने विचार केला. माणूस तर उभा होणार नव्हता. “त्यानं नाव मोडलं,” ती म्हणाली. “ज्या गावात मोडलं त्या गावात उभं करा म्हणा. तुमच्या छपराखाली नको. तेथं.”

महागूने नाही म्हटलं नाही.

जानेवारीतल्या एका दुपारी ते खैरटोल्याला गेले. पास्टर, कमला आणि अश्विन. आईने फोनवर सगळं सांगितलं तेव्हा अश्विन फक्त इतकंच म्हणाला होता की मी पण येतो. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत बसला. ग्रामपंचायतीच्या ओट्यासमोर चाळीसेक माणसं जमली होती. जंगलातले लोक आता राहिले नव्हते, चौकीची भीतीही ओसरली होती, तरी सगळे एकमेकांच्या आड उभे राहिल्यासारखे उभे होते.

महागूने हात जोडले आणि स्वयंपाकघरात सांगितलं होतं तेच सांगितलं. काही गाळलं नाही. मंजू आणि त्यांची मुलगी मयुरी मागे उभ्या होत्या. मयुरी अठरा वर्षांची. तिला हे तिथेच, सगळ्यांबरोबर कळलं.

सरपंच भैयालाल हिंदीत म्हणाले, “अब इन बातों का क्या फायदा, महागू? जंगलवाले तो गए।”

“फायदा काही नाही,” कमला म्हणाली. “मले फक्त एक सांगा. माहा माणूस मुखबिर होता काय?”

तिने समोरच्या म्हाताऱ्या भोजराजकडे पाहिलं. त्याच्या आणि तिच्या घराची भिंत एकच होती. प्रेतावर टाकायला तिने त्याच्याकडे चादर मागितली होती आणि त्याने दार उघडलं नव्हतं.

“बुवा, तुम्ही सांगा.”

“नव्हता,” भोजराज पुटपुटला.

“ऐकू नाही आलं.”

“नव्हता, बाई. प्रेमलाल मुखबिर नव्हता.” मग हळूच म्हणाला, “आमाले तवाबी तसंच वाटत होतं.”

हे शेवटचं ऐकलं आणि अश्विन ओट्यावरून उठला. तो भोजराजकडे गेला नाही. त्याने महागूला छातीवर लाथ मारून पाडलं आणि त्याचा गळा धरला. मंजू ओरडत धावली. पास्टर मध्ये पडले, त्यांच्या तोंडावर कोपर बसलं, ओठ फुटला. महागूने हात उचलला नाही. कमला जागची हलली नाही. पुढे तिने पास्टरांना सांगितलं की ती काही क्षण बघत राहिली होती आणि तिला बरं वाटत होतं.

मग ती पुढे झाली. “सोड, अश्विन.”

“काहून सोडू?”

“तुह्या बापानं त्याले सोडलतं.”

अश्विनचे हात सैल झाले. त्याने एकदा आईकडे असं पाहिलं की जणू तिनेच त्याला मारलं. तो उठला आणि बसच्या रस्त्याला लागला.

वसंता पास्टरांना वाटलं होतं, आता गाव मोकळं होईल. तसं झालं नाही. प्रेमलालच्या मयताला जे घराबाहेर पडले नव्हते त्यांनाच आता महागूवर राग काढायला जागा मिळाली. त्याच्याकडे कोणी कामाला जाईना, दुकानदार सामान देईना. मयुरीचं लग्न किरनापूरकडे ठरलं होतं, साक्षगंध झालं होतं. त्या लोकांनी निरोप पाठवून मोडलं. कमलाला हे कळलं तेव्हा आठवडाभर तिला जेवण गोड लागलं. हेही तिने पास्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “सांगतलं ते बरं केलं.”

फेब्रुवारीत मंजू आली. ती भांडायला आली होती, पण दारातच खाली बसली.

“पाप माह्या माणसानं केलं,” ती म्हणाली. “तो भोगून राह्यला, भोगू द्या. पण वहिनी, पोरीनं काय केलं? पोट्टे तिले रस्त्यानं जाऊ नाही देत. ‘हत्यारे की बेटी’ म्हणतात. ती तीन दिवसांपासून जेवली नाही.”

कमलाने तिला जेवू घातलं. मंजू गेल्यावर ती खोलीत एकटी बसून राहिली. तिने प्रार्थना केली की नाही, केली तर काय मागितलं, हे तिने कोणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने वॉर्डनबाईंना विचारलं, माझ्या खोलीत गावची एक मुलगी राहिली तर चालेल का? आणि मंजूला फोन केला. “मयुरीले आणून दे. एथं राहीन, शिकन.”

मयुरी आली. पहिले काही दिवस दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत. मुलगी हसली की तिच्या गालाला महागूसारखीच एक घडी पडे. कमलाला ते पाहवत नसे, ती पाठ फिरवून भांडी घासत राही. महागू पंधरा दिवसांनी यायचा. वसतिगृहाच्या फाटकाबाहेर उभा राहायचा, मुलीला भेटायचा आणि जायचा. कमला त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. रविवारी मात्र ती पुन्हा प्रार्थनेला जाऊ लागली, मयुरीला घेऊन.

“माफ झालं काय, बाई?” पास्टरांनी एकदा विचारलं.

“रोज सकाळी उठून करावं लागते,” ती म्हणाली. “दुपारपर्यंत कसंबसं टिकते.”

अश्विनने फोनवर एकच वाक्य म्हटलं होतं, “उस आदमी की लड़की हमारे घर में?” त्यानंतर चार महिने तो आला नाही. कमला फोन करायची, तो उचलायचा नाही. तिने एका मुलीला जवळ घेतलं आणि मुलगा घालवला, असं आवारातल्या बाया बोलत. कमला ऐकून घेई.

जूनच्या सुरुवातीला, मिल दुरुस्तीसाठी बंद असताना, तो दुपारी आला. दार मयुरीने उघडलं. ती कोण हे त्याला विचारावं लागलं नाही. ती बाजूला झाली आणि भिंतीला लागून उभी राहिली. अश्विन उंबरठ्यावर तसाच थांबला. आत जावं की मागे फिरावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

“जेवतं काय?” कमलाने आतून विचारलं.

तो आत येऊन बसला. मयुरीने ताट वाढलं. तो तिच्याकडे न पाहता जेवला, भात दुसऱ्यांदा घेतला, तोही आईकडून. मयुरी पाणी ठेवून अंगणात निघून गेली. जेवून झाल्यावर त्याने आईला मिलच्या चार गोष्टी सांगितल्या. बापाचं नाव निघालं नाही, महागूचंही नाही. तासाभराने तो निघाला. अंगणात मयुरीची सायकल उभी होती, तिच्यावरूनच ती रोज कंप्यूटर क्लासला जायची. अश्विन दोन पावलं पुढे गेला, मग वळून आईला म्हणाला,

“तिले सांग, चेन ढिली हाये. उतारावर निंघन.”

“तूच सांग,” कमला म्हणाली.

मयुरी तिथेच दोरीवरचे कपडे काढत होती. तो तिच्याशी बोलला नाही. पण खाली बसला, आईकडे पाना मागितला आणि चेन कसून दिली. मग हाताचं काळं पँटला पुसून तो वारासिवनीच्या बससाठी निघून गेला.