बाहुलीला पाजलं

आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाला आम्ही चारच नर्स. चौघींनाही एकदमच कलबुर्गीला ट्रेनिंगला पाठवलं. विषय काय, तर आईला अंगावर पाजायला कसं शिकवायचं!

"मग वॉर्ड कोण बघणार?" मी विचारलं.

"आया आहे की, निंगम्मा. तीनच दिवस," दवाखान्याचे साहेब म्हणाले.

निघताना सिझर झालेल्या नीलव्वानं माझा हात धरला. "अक्का, बाळ छातीला लागतच नाही हो."

"आल्यावर शिकवते," मी म्हणाले आणि गाडीत बसले.

तिकडे तीन दिवस आम्ही बाहुली कापडाच्या छातीला लावत बसलो. माझा पहिला नंबर आला, सर्टिफिकेट मिळालं.

परत आले तर नीलव्वाचं बाळ बाटली चोखत होतं. आया फणकारली, "रडून निळं पडलं होतं. काय करणार?"

नीलव्वाची छाती दूध साठून दगडासारखी झाली होती. ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे मी बाळ धरलं. त्यानं तोंड फिरवून टाहो फोडला. पाच वेळा.

"राहू द्या अक्का," म्हणत तिनं बाटली उचलून बाळाच्या तोंडात दिली.

तेवढ्यात साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. "निंगम्मा, सर्टिफिकेट धरा. आणि हिच्याजवळच बसा, बाळ शांत आहे. ती बाटली तेवढी हिच्या पदराखाली घ्या."