डावी कड

दुकानदार ऑर्विलने काचेवर मखमलीचा तुकडा अंथरला आणि त्यावर एक चिमुकलं गुलाबी पिस्तूल ठेवलं. "बायकांना हेच आवडतं."

"हत्यार विकतोयस की लिपस्टिक?" वर्नामावशी म्हणाली. "तिच्या मुठीला विचार."

तिची भाची मार्नी नुसती पिस्तुलाकडे बघत होती. सोडलेल्या नवऱ्याने, ट्रॅव्हिसने, स्वयंपाकघराचं दार फोडलं त्या दिवसापासून तिच्या आत सगळं बधिर झालं होतं. घराजवळ फिरकायला कोर्टाने त्याला मनाई केली होती खरी; पण शेरीफची गाडी माळावरच्या तिच्या एकट्या घरापर्यंत पोचेपर्यंत काय होईल ते कोर्ट सांगत नव्हतं.

दुकानामागच्या मातीच्या बांधावर नेम धरून तिने चालवून पाहिलं. चिमुकलं हातात उसळलं, मनगट झिणझिणलं. मधलं, जरा जड, मुठीत नीट बसलं. तेच घेतलं. ऑर्विलने कमरेला पट्ट्याच्या आत बसणारं, चाप पूर्ण झाकणारं म्यान दिलं.

"पर्समध्ये ठेवायचं नाही, पोरी," मावशी म्हणाली. " पर्स माणूस कुठेही ठेवतो नि विसरतो. अंगावर, नाहीतर कुलपात. तिसरी जागा नाही."

अडचण जूनची होती. दोन वर्षांची ही लेक बसायला लागल्यापासून आईच्या उजव्या कडेवरच बसत आलेली, आणि आता तिथे पिस्तूल होतं. गुडघा मुठीवर आपटायचा. डाव्या कडेवर घेतलं की भोकाड.

ईस्टरला चर्चमध्ये जेवण होतं. मावशीने शिवलेला फिका पिवळा झगा मार्नीने घातला. झग्याला पट्टा कुठला? एकच दिवस, म्हणून तिने पिस्तूल म्यानासकट पर्समध्ये टाकलं.

पर्स खुर्चीला अडकवून ती हॅमचे काप वाढत होती. पाद्रीबाई म्हणाल्या, "किती वाळलीस गं. अंडी तरी खा, कोंबड्यांनी कष्ट घेतलेत."

तेवढ्यात मागून आवाज आला. "मम्मा, जड."

जून दोन्ही हातांनी पर्स फरफटत आणत होती. चेन अर्धी उघडी होती. आईचं सामान आईला आणून द्यायचं होतं तिला.

मार्नी खाली बसली. पर्स घेतली, चेन लावली. "शहाणी गं माझी बाय," ती म्हणाली. भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

मावशीने पाहिलं होतं. गाडीत बसल्यावर बराच वेळ तिने किल्ली फिरवली नाही.

"ओरडू का तुझ्यावर?"

"ओरड."

"नको. आत्ता तुझ्यापर्यंत पोचायचं नाही."

घरी गेल्या गेल्या पिस्तूल कुलपाच्या पेटीत गेलं, झगा कपाटाच्या तळाशी.

सकाळी मार्नीने जीन्स चढवली, पट्टा आवळला, उजवीकडे म्यान बसवलं, वर सैल शर्ट. मग जूनला उचलून डाव्या कडेवर घेतलं.

जून किंचाळली, मागे रेलली, उजवीकडे झेपावली. मार्नीने बाजू बदलली नाही. ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून ओट्यापर्यंत ती झुलत फिरत राहिली. नव्या दाराला अजून रंगाचा वास होता. बाहेर रस्ता रिकामा.

हळूहळू रडणं हुंदक्यांवर आलं. मग आईच्या छातीत डावीकडे काहीतरी ऐकू येत असावं, कान लावून जून गप्प झाली. तिच्या केसांत सकाळच्या पॅनकेकवरच्या सिरपचा चिकट वास होता.

उजवा हात मोकळा होता. मार्नीने तो लेकीच्या पाठीवर ठेवला.