नेहाच्या आधी

नेहाला शिबिराला यायचंच नव्हतं. तंबूत राहायचं म्हटल्यावर आई सोडणार नाही, असं ती म्हणाली होती. शेवटी आम्रपालीच तिच्या थेरगावच्या घरी गेली, पोहे खाता खाता तिच्या आईची समजूत काढली आणि परवानगी मिळवून आली. पुढे भीमाशंकरच्या जंगलात तिला या गोष्टीचा फार पश्चात्ताप झाला.

दोघी पिंपरीतल्या कॉलेजात पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होत्या. आम्रपाली चिखलीची, वडील चाकणच्या कंपनीत शिफ्टला. लहानपणी दिघीला मामाकडे गेली की ती लष्कराच्या कुंपणापलीकडच्या झाडीत मोर शोधत बसायची. वर्गात एखाद्या पक्ष्याचं नाव अडलं की सगळे तिच्याकडे बघत. जंगल म्हणजे आम्रपाली, हे ठरूनच गेलं होतं.

जंगलाच्या कडेला, एका गावाबाहेरच्या माळावर तंबू लागले. भेगडे सरांनी शेकरूची घरटी शोधायचं काम दिलं. शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार. ती सहसा जमिनीवर उतरत नाही आणि काटक्यापानांचं घरटं पार शेंड्याजवळ बांधते. सरांनी जोड्या पाडल्या. आम्रपाली आणि नेहा एकत्र आल्या.

पहिल्याच सकाळी नेहा थबकली. "ते बघ, आंब्याच्या त्या वरच्या बेचक्यात."

आम्रपालीला नुसती पानं दिसली. दुर्बीण लावल्यावर घरटं दिसलं. थोडं पुढं गेल्यावर नेहाला जांभळीवर दुसरं दिसलं, मग ओढ्यापलीकडं आणखी एक. ती शोधतेय असंही वाटत नव्हतं. हळूहळू चालायची, मान वर करायची आणि बोट दाखवायची.

"नेहा, तुझी नजर काय आहे गं," सर सगळ्यांसमोर म्हणाले. "उद्या बाकीच्यांनी हिच्याकडून शिका."

जेवताना वर्षाली आणि बाकीची पोरं नेहाभोवती बसली. आम्रपाली हसत म्हणाली, "पहिल्यांदा येणाऱ्याला असंच सगळं दिसतं." यावर फक्त नेहाच हसली, अगदी मनापासून. ते आम्रपालीला जास्त लागलं.

तंबूत बॅग आवरताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेकरूचं शास्त्रीय नाव काय गं?"

"मला कुठं पाठ असतं? तू आहेस ना."

आम्रपालीला जरा बरं वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी ओढ्याकाठी एका हिरड्याखाली बसल्या होत्या. बाटल्या रिकाम्या झाल्या, तशी नेहा पाणी आणायला वळणापलीकडच्या झऱ्याकडं गेली. आणि आम्रपालीच्या डोक्यावर पानं सळसळली.

एक शेकरू फांदीवरून सावकाश येत होती. तिच्या तोंडात काहीतरी लोंबत होतं. आम्रपालीला आधी ते फळ वाटलं. मग त्याची शेपटी हलली. ते पिल्लू होतं. आई त्याला जुन्या घरट्यातून नव्या घरट्यात नेत होती. पुस्तकात वाचलेलं आम्रपाली डोळ्यांनी बघत होती. सरांनासुद्धा असं कधी दिसलं नव्हतं, हे त्यांनी कालच सांगितलं होतं.

नेहा येतच असेल, खुणेनं बोलवावं, असं तिच्या मनात आलं. तिनं झऱ्याकडच्या वळणाकडं एकदा बघितलं, पण नेहा दिसायची वाट न बघता मान फिरवली. हे एकटीचं असू दे, असं तिला वाटलं. मोबाइल बॅगेत होता आणि बॅगेची चेन वाजली असती. म्हणून ती नुसती बघत राहिली. शेकरू झेप घेऊन पलीकडच्या झाडावर गेली आणि दिसेनाशी झाली.

संध्याकाळी सगळे जमल्यावर आम्रपालीनं सांगितलं. सर खुर्चीत पुढं सरकले. "पिल्लू? नक्की? फोटो आहे?"

"नाही सर."

"नेहानं पाहिलं?"

"ती पाणी आणायला गेली होती."

सरांनी मान हलवली, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा उत्साह ओसरलेला दिसला. मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "फळबिळ असेल." आम्रपालीचे कान तापले.

"पिल्लूच होतं सर," नेहा म्हणाली. "मी परत येत होते, तेव्हा दिसलं. खाली वाळका पाला होता. पाय टाकला असता तर ती पळाली असती, म्हणून मी हिच्या मागंच उभी राहिले. शेपटी हलताना मी पाहिली."

सरांनी आम्रपालीच्या हातात हात दिला, टाळ्या पडल्या. तिला वाटत होतं, या क्षणी तरी आपल्याला आनंद व्हायला हवा. पण तिच्या डोळ्यांसमोर पाठीमागं बाटल्या धरून उभी असलेली नेहाच येत होती. तेही नेहानं पाहिलं होतं, आणि आपल्यापेक्षा शांतपणे उभं राहून. आता लोकांचा विश्वासही तिच्यामुळंच बसला होता.

परतीच्या बसमध्ये नेहा शेजारी बसली. चाकणला ट्रेलरच्या रांगेत बस अडकली, तेव्हा आम्रपाली म्हणाली, "मी तुला बोलवू शकले असते."

"माहितीय. तू झऱ्याकडं एकदा बघितलंस आणि मान फिरवलीस."

"मग सरांसमोर का नाही बोललीस?"

"पिल्लू होतं, तेवढंच त्यांनी विचारलं." नेहा खिडकीबाहेर बघत राहिली. "पण पुढच्या वेळी मी वर्षालीबरोबर जोडी करणार आहे."

बस हलली.

मोशीला वडील गाडी घेऊन थांबले होते. त्यांनी तिची बॅग पुढं घेतली आणि विचारलं, "काय मग, सापडली का तुझी शेकरू?"

"सापडली. पिल्लू तोंडात धरून चालली होती."

"तुला दिसली?"

"आम्हाला. मला आणि नेहाला," ती म्हणाली. मग ती गाडीवर मागं बसली.