सुताराने तपासलेला उकुलेले

माझ्या मेहुण्याने उकुलेले, म्हणजे चार तारांची चिमुकली गिटार, घ्यायचा म्हणून तीन महिने मोबाइलवर अडीचशे अनोळखी लोकांची मतं वाचली. बहिणीचा नवरा सुतार आहे, हे त्याला एकदाही आठवलं नाही. खोकं घरी आल्यावर मात्र मिरवायला थेट माझ्या कारखान्यात हजर! "भावोजी, सॉलिड लाकूड, आणि तेही एवढ्या स्वस्तात!"

मी रंधा बाजूला ठेवला आणि उकुलेलेच्या पोटावरच्या गोल भोकाची कड उजेडाकडे वळवली. एकसंध लाकूड असलं की वरच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरतात. इथे एकावर एक चिकटवलेले तीन थर होते. "प्लायवूड आहे," मी म्हणालो. "याहून बरं मी कपाटाच्या पाठीला लावतो."

त्याचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे अडीचशे लोक मूर्ख आणि तुम्ही एकटे शहाणे?" असं म्हणून ते ध्यान उराशी कवटाळून तो तरातरा निघून गेला.

चार दिवसांनी बायकोने कौतुकाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मेहुण्याने उकुलेलेला पाच तारे देऊन खाली लिहिलं होतं, 'अस्सल सॉलिड लाकूड. माझे भावोजी तीस वर्षं सुतारकाम करतात. त्यांनी स्वतः कड तपासली.'

"अगं, ते प्लायवूड आहे!" मी ओरडलो.

"आता शब्द फिरवू नका," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर बावन्न जणांनी मागवलाय. त्रेपन्नावी मी."