वाटी थांबू दे

थांबा मित्रांनो, आधी मला स्थिर होऊ द्या. टेबलाला नुसता धक्का लागला तरी मी डुगडुगते, आणि एकदा डुगडुगू लागले की मला धड बोलता येत नाही. मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. माझ्या बुडाला पोचा आहे, त्यामुळे एका जागी गप्प बसणे माझ्या नशिबातच नाही. पण मध्यंतरी माझ्या जिवाला असा घोर लागला होता की पोचा नसता तरी मी डुगडुगलेच असते.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. पत्र्याची एक गोल चकती साच्यावर ठेवली, वरून दाब बसला आणि मी वाटी झाले. काठ घासून, पॉलिश करून झाल्यावर एका कामगाराने माझ्यात स्वतःचे तोंड पाहून मिशी नीट केली, तेव्हा मला आभाळ ठेंगणे झाले. पण मी आकाराने पडले चिमुकली. दुकानात गिऱ्हाइके मला उचलत, नाक मुरडत आणि म्हणत, "एवढ्याशा वाटीत मावणार काय?" शेवटी एका जोडप्याने मला हौसेने घेतले. त्यांच्या घरात बाळाला नुकतेच वरचे अन्न सुरू करायचे होते.

बाळाचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कामात त्यांचा हात इतका बसलेला की सगळे त्यांना उस्ताद म्हणत. तेव्हा ते अंगाने काटकुळे होते. आणि बाळ म्हणजे टिकली! तिला दम कसला तो नव्हताच. पहिला घास गिळायच्या आत दुसऱ्यासाठी आ वासलेला. एकदा चिडून तिने मला जिन्यावरून खाली भिरकावले. मी ठणाठण आपटत खाली चालले आणि उस्ताद दोन-दोन पायऱ्या उड्या मारत माझ्यामागे धावत आले. त्यांनी मला पकडले खरे, पण तोवर माझ्या बुडाला पोचा पडला होता.

टिकलीची आई मला टाकूनच देणार होती. पण टिकलीला माझे डुलणे भारी आवडले. मग उस्तादांनी त्यातून एक युक्ती काढली. घास भरवला की ते माझ्या काठाला टिचकी मारत. मी टकटक करत डुलू लागे आणि ते टिकलीला म्हणत, "वाटी थांबू दे, मग घास." ती टक लावून माझ्याकडे बघत बसे आणि तोवर तोंडातला घास नीट चावून होई. मित्रांनो, माझ्या व्यंगाला काम मिळाले ते असे.

पुढे टिकली मोठी झाली आणि मोठ्या ताटात जेवू लागली. माझ्यात आधी बटणे पडली, मग कुठल्या कुठल्या वस्तूंचे सुटलेले स्क्रू, आणि शेवटी मी फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात गेले. तिथून मला दिसत काही नसे, ऐकू मात्र सगळे येई.

उस्तादांच्या पावलांचा आवाज जड होत गेला. त्यांचे जेवण म्हणजे नुसती धांदल. इकडे लिफ्ट अडकली, तिकडे दार लागेना. मग उभ्या उभ्या, चालत्या लिफ्टमध्ये, वरच्या मजल्यावर पोचायच्या आत डबा रिकामा करायचा. चावायला सवड कोणाला होती? घरी आले की तीच घाई आणि वर दुप्पट भूक. वजन वाढत गेले, गुडघे कुरकुरू लागले आणि एक दिवस ते लिफ्टच्या छतावरच्या झडपेत अडकले. इतरांची सुटका करणाऱ्या माणसाची सुटका इतरांना करावी लागली. त्यानंतर कंपनीने त्यांना तक्रारीच्या फोनवर बसवले. दिवसभर अडकलेल्या लोकांना सांगायचे, "घाबरू नका, माणूस पाठवतो." तो माणूस आता आपण नाही, हे त्यांच्या मनाला फार लागले.

शेवटी त्यांनी पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. पोटाची पिशवी कापून लहान केली. कंपनीच्या साहेबांनी शब्द दिला होता की तब्येत सुधारून शिडी चढण्या-उतरण्याची तपासणी पार केली, तर पुन्हा लिफ्टच्या खड्ड्यात उतरता येईल. उस्तादांचा सगळा जीव त्या शिडीत अडकला होता.

उस्ताद दवाखान्यातून घरी आल्यावर टिकलीच्या आईने फडताळ उपसले, माझ्यातले स्क्रू ओतले आणि मला राखेने घासूनपुसून लख्ख केले. "डॉक्टर म्हणालेत, भांडं लहान घ्या. हिच्याहून लहान घरात दुसरं काही नाही." मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! ज्या माणसाच्या हातांनी मी लेकीला भरवले, त्यालाच आता भरवायचे होते.

सुरुवातीला नुसते पातळ, मग कुस्करलेले, मग मऊ, असे ठरल्याप्रमाणे चालले होते. एक दिवस पहिल्यांदा माझ्यात चिकनचे तुकडे आले. आणि उस्तादांची जुनी खोड उसळली. एक तुकडा, लगेच दुसरा, वर पाण्याचा मोठा घोट. चमचा माझ्यावर असा आपटत होता की मी टेबलभर फिरले. तिसऱ्या तुकड्याला त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. घास छातीत अडकला. तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांत पाणी आले, एक शब्द बोलता येईना. उलटी होऊन मोकळे वाटेपर्यंत टिकलीच्या आईच्या तोंडचे पाणी पळाले होते.

तिने जो धसका घेतला तो घेतलाच. दुसऱ्या दिवसापासून घरात मिक्सर घरघरू लागला. अंडे, मासा, भाजी, भात, जे शिजेल ते सगळे त्यात. दुधात बिस्किटे भिजवून लगदा. पिकलेली केळी, गोड दही, फळांचा रस, आइसक्रीम. "घशाखाली सहज उतरतं ना? मग झालं तर," ती म्हणे. उस्तादांनाही ते सोयीचेच पडले. त्यांना आता टेबल लागेना. मला हातात घेऊन ते टीव्हीसमोर बसत आणि तोंडाला लावून मला रिकामी करत. थोड्याच वेळाने पुन्हा हाक येई, "अगं, पोटात काहीच नाही बघ." पुन्हा मी भरे. दोघांचा हिशेब एकच होता, वाटी तर एवढीशी आहे.

तिथून माझ्या जिवाची घालमेल सुरू झाली. मी हातात होते, टेबलावर नव्हते, म्हणून माझा टकटक आवाज बंद झाला होता. उस्तादांच्या बोटांची पकड मला रोज कळे, आणि ती सैल होत चालली होती. सुरुवातीला उतरलेले पोट पुन्हा माझ्या काठाला लागू लागले. फिरायला जाणेही रोज पुढे ढकलले जाई. आज ऊन, उद्या थकवा. ओरडून सांगावे असे वाटे, पण वाटीला तोंड असले तरी जीभ कुठे असते? मी दिवसातून कितीदा भरले आणि कितीदा रिकामी झाले, पण त्यांच्या अंगी काही लागेना.

मग तपासणीचा दिवस आला. उस्ताद नवा शर्ट घालून गेले आणि दुपारीच परतले. खुर्चीत बसून म्हणाले, "अर्ध्या शिडीवर पाय लटपटायला लागले. साहेबांनीच हात देऊन खाली घेतलं. एकच संधी आहे म्हणाले आता, पुढच्या तपासणीला. नाही जमलं तर फोनच."

"मी काय कमी केलं हो?" टिकलीच्या आईला रडू फुटले. "डोळ्यांत तेल घालून सांभाळतेय तुम्हाला!"

"तुला कोण म्हणतंय? पोट कापून घेतलं, आता आणखी काय कापायचं राहिलंय?"

त्याच आठवड्यात टिकली वसतिगृहातून सुट्टीला आली. तिने बाबांचे जेवण पाहिले, मिक्सर पाहिला, मला उचलून पाहिले आणि विचारले, "ही आता वाजत कशी नाही?" दुसऱ्या दिवशी तिने मला पिशवीत घातले आणि आईबाबांना घेऊन तडक दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमकडे गेली.

मॅडमनी सगळे ऐकून घेतले. "इतके महिने सगळं वाटूनच?"

"अडकू नये म्हणून हो," टिकलीची आई म्हणाली.

"अहो ताई, त्यांचं पोट लहान केलंय, दात शाबूत आहेत!" मॅडम हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "पातळ पोटात ठरतच नाही, घसरून पुढे जातं. म्हणून भूक लागते, म्हणून वाटी सारखी भरते. आणि त्या गोडाधोडानं ताकद कुठून येणार? आधी अंडं, मासा, डाळ, मग बाकीचं. घास लहान. जेवताना पाणी नाही, नंतर सावकाश. पोट भरल्याची पहिली खूण मिळाली की चमचा खाली. आणि रोज चालायचं, पायांना जोर येईल असा व्यायाम करायचा. मिक्सरचं काम आता तुमच्या दातांचं, उस्ताद."

उस्तादांनी मान खाली घातली. "खरं सांगू मॅडम? हिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलोय. हळू जेवायचं कसं, तेच मला येत नाही."

मित्रांनो, शिडी चढणारा, खड्ड्यात उतरणारा हा माणूस, आणि त्याला एका घासाची भीती वाटत होती! मला त्यांची फार कणव आली.

घरी माझ्यात वाफवलेल्या माशाचे तुकडे आले. टिकलीची आई समोर टेबलाची कड घट्ट धरून बसली. उस्तादांनी एक लहान तुकडा तोंडात टाकला, आणि सवयीने चमचा पुन्हा माझ्याकडे वळला. तेवढ्यात टिकलीने तो हातातून काढून खाली ठेवला आणि माझ्या काठाला टिचकी मारली.

टक, टक, टक. मी डुलू लागले.

"वाटी थांबू दे बाबा," ती म्हणाली, "मग घास."

उस्ताद तिच्याकडे बघतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले, पण जबडा चावत होता. मी थांबले तरी घास चावून झाला नसेल तर टिकली पुन्हा टिचकी मारी, आणि तोंडातल्या घासाची अगदी पेज झाल्यावरच तो खाली जाई. काही अडकले नाही. अर्ध्याहून थोडे जास्त संपल्यावर त्यांनी आपणहून मला बाजूला सारले. "बास. भरलं," ते म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

सगळे एका दिवसात सुरळीत झाले असे समजू नका. कधी घाई झाली की छातीत घास अडकल्यासारखे होई, आणि ते मुकाट्याने उठून येरझाऱ्या घालत. कधी टिकलीच्या आईचा हात चुकून मिक्सरकडे जाई. पण बटण दाबायच्या आधी ती माझ्याकडे बघे आणि हात मागे घेई. टिकली परत गेल्यावर टिचकी मारायचे काम आईने घेतले, आणि तिलाच गंमत वाटू लागल्याने घरातले जेवण गप्पांचे झाले.

व्यायामासाठी उस्तादांनी लिफ्ट सोडली. पूर्वी एक मजलाही लिफ्टने जाणारा हा माणूस धापा टाकत, कठड्याला धरत, जिने चढू लागला. शेजारी चेष्टा करत, "काय उस्ताद, लिफ्ट बिघडली वाटतं?"

"लिफ्ट ठणठणीत आहे. मीच स्वतःला दुरुस्तीला काढलंय!"

पुढची तपासणी झाली त्या दिवशी मी घरी जीव मुठीत धरून बसले होते. दारात पाऊल वाजले, आणि त्या वाजण्यावरूनच मला कळले. उस्ताद आत आले आणि नुसते एवढेच म्हणाले, "उद्यापासून डबा लागेल."

डब्यात मीही गेले. लिफ्टच्या मशीनरूममध्ये उस्तादांनी मला पत्र्याच्या पेटीवर ठेवले. शेजारी त्यांचा जोडीदार बसला होता. पाना त्याच्या हातातून कधी सुटत नसे म्हणून त्याला सगळे पान्या म्हणत. मी टकटक करू लागले तसा तो हसला. "उस्ताद, लेकराची वाटी घेऊन आलात? आणि तीही लंगडी! आणा इकडे, एक ठोका घालून बूड सपाट करून देतो." त्याने खरोखरच मला उलटी केली आणि हातोडी उचलली.

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. चांगल्या मनाने उचललेली हातोडीही हातोडीच असते.

उस्तादांनी झडप घालून मला त्याच्या हातून काढून घेतले. "हात लावू नकोस तिला!" त्यांचा आवाज चढला, मग मऊ झाला. "ती डुगडुगते म्हणून मी आज उभा आहे, बाबा."

पान्या ओशाळला. उस्तादांनी मला पुन्हा पेटीवर ठेवले, घास घेतला, चमचा खाली ठेवून टिचकी मारली. पान्याचा घाईघाईने भरलेला घास हातातच राहिला आणि तोही माझ्याकडे बघत बसला.

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. घरातली पोचा पडलेली, डुगडुगणारी वस्तू टाकण्याआधी किंवा ठोकून सरळ करण्याआधी जरा विचारा, ती कोणाच्या उपयोगी पडते आहे का. आणि आपल्या माणसाचा घास सोपा करताना त्याचे चावायचे काम त्याच्याकडेच राहू द्या. माझे म्हणाल तर मी अजून स्वस्थ नाही. रोज भरले की मला तीच काळजी लागते, आज घाई तर होणार नाही ना?

बघा, बोलता बोलता मी डुलायची थांबले. घ्या आता पुढचा घास.